कालव्यापलीकडची अंगणवाडी: एका गावातल्या तीन अंगणवाड्यांची तुलना

गाव सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातलं आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढं ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ती सगळी माणसं मला रोज दुधाच्या डेअरीपाशी भेटतात आणि मलाही इथंच राहायचं आहे. तीन हजारांच्या आतबाहेरची लोकसंख्या. आलं, घेवडा, आणि कालव्याचं पाणी आल्यापासून ऊस. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत मी वर्षानुवर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला आणि तिथूनच निवृत्त झाले.

दिवाळी सरली आणि पुतण्याचा मुलगा तीन वर्षांचा झाला. घरात प्रश्न पडला की याला आता कुठं घालायचं. पुतण्याच्या डोक्यात तालुक्याच्या गावातली इंग्रजी नर्सरी होती. पिवळी व्हॅन साडेआठला वेशीपाशी येते, दीडला परत सोडते. आमच्या जाऊबाईंचं म्हणणं, घरी काय वाईट चाललंय. सूनबाई मात्र वही घेऊन माझ्यापुढं बसली. "काकू, तुम्ही शाळेतल्या. ह्याला व्हॅनमधी घालू का अंगणवाडीत? आन् अंगणवाडीत म्हटलं तर कुठल्या?"

गावात अंगणवाड्या तीन आहेत. ग्रामीण भागात 400 ते 800 लोकसंख्येला एक असा नियम आहे, त्या हिशेबानं चौथीसुद्धा बसली असती. माझ्यापुढं प्रश्न आला तेव्हा मी पटकन "गावठाणातली चांगली" म्हणून मोकळी होणार होते. अख्खं गाव तेच म्हणतं. मग मला जाणवलं, की मी तिच्या दारावरून हजार वेळा गेले असेन, पण आत अर्धा तासही बसलेली नाही. पहिलीत आलेली मुलं पाहून मी अंगणवाडीला नावं ठेवायची, तेवढाच माझा तिच्याशी संबंध.

वेळ कमी नव्हता. राज्यात 31 डिसेंबरपर्यंत 6 वर्षं पूर्ण होत असतील तर त्या जूनला पहिलीत घेतात. हा नोव्हेंबरचा, म्हणजे पहिलीला अजून अडीच वर्षं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांचा काळ एकच पायाभूत टप्पा धरला आहे, अंगणवाडी आणि पहिली-दुसरी एकाच माळेत. कागदावर ओवलेली माळ गावात कशी दिसते ते बघावं, म्हणून मी सूनबाईला सांगितलं, "महिनाभर थांब. मी बसून येते."

प्रत्येक ठिकाणी चार-चार सकाळी बसले, न सांगता. एक 3 जानेवारी मात्र हिशेबातून वगळली. सावित्रीबाईंचं नायगाव आमच्याच जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं. त्यामुळं त्या दिवशी प्रत्येक पोरगी नऊवारीत आणि कपाळावर भलंमोठं कुंकू. त्या सकाळी कुठलीही अंगणवाडी देखणीच दिसते.

गावठाणातली

मारुतीच्या देवळामागं नवी इमारत. फरशी, पंखा, भिंतीवर हत्ती, फळं, बाराखडी. सरकारी साहित्याचा संच आलेला. बाहेर नळ, मागं संडास. संडासाला कुलूप. चावी मागितली तर मदतनीस म्हणाली, "मुलं घाण करत्यात, बाई. तपासणी आली की उघडतो." मुलं लघवीला देवळाच्या मागच्या भिंतीला जातात आणि पुजारी रोज ओरडतो.

सेविका हुशार, टापटीप, बारावी झालेली. पटावर 34 मुलं. माझ्या चार सकाळी हजर होती 19, 22, 11 आणि 17. मुलं रांगेत बसलेली. हाताची घडी, तोंडावर बोट. सेविका एक ओळ म्हणते, मुलं ओरडून मागून म्हणतात. मी घड्याळ लावून दहा मिनिटं वहीत रेघा मारल्या. सेविका किती वाक्यं बोलली त्याची एक रांग, एकेकटं मूल स्वतःहून किती बोललं त्याची दुसरी. सेविकेच्या 41 रेघा. मुलांच्या 3. त्या तिन्हींत मूल एकच गोष्ट सांगत होतं: "ताई, ह्यानं मारलं."

ही मोजणी काही शास्त्रोक्त नव्हे. पण पहिलीला शिकवणाऱ्या बाईला विचारा, जूनमध्ये तिला काय हवं असतं. मूल अक्षरं गिरवत आलं काय आणि न गिरवता आलं काय, दिवाळीपर्यंत ते सगळं सारखं होतं. जे मूल सलग तीन वाक्यं बोलू शकत नाही, "मला हे नको, ते पायजे, कारण असं" हे सांगू शकत नाही, त्याला घेऊन मात्र वर्षभर ओढाताण करावी लागते. म्हणून मी रेघा बोलण्याच्या मारल्या. दुसरा कुणी पाहणारा असता तर त्यानं भिंती मोजल्या असत्या आणि त्याच्या वहीत गावठाण पहिलं आलं असतं.

साहित्याचा संच कपाटात होता. बाहुली अजून खोक्यात, प्लास्टिकच्या कागदासकट. राज्याचा अंगणवाडीचा 'आकार' नावाचा अभ्यासक्रम तेव्हा होता. त्यात गोष्टी, गाणी, खेळ, बाहुलीचा कोपरा, ठोकळ्यांचा कोपरा सगळं दिलेलं आहे आणि ते चांगलं आहे. सेविकेला ते येतंही. तिनं मला न बघता दोन आठवड्यांचे विषय सांगितले. मग करत का नाही?

दुसऱ्या दिवशी उत्तर दिसलं. अकराच्या सुमाराला ती मोबाईल घेऊन खिडकीशी उभी. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर हजेरी, आहाराची नोंद, फोटो. पडद्यावरचं चक्र फिरत होतं. एक पोर तिच्या पदराला धरून सहा वेळा "ताई बघा" म्हणालं. सहाव्यांदा तिनं बघितलं, पण फोनमधून डोळे निघेपर्यंत पोराला काय दाखवायचं होतं तेच पोर विसरलं. 2024 च्या पावसाळ्यात लाडकी बहीणचे अर्ज भरायला तिच्या दारात रात्री नऊपर्यंत रांग असायची. बाळाची लस, गरोदर बाईची नोंद, सर्वेक्षण, मतदार यादी, सगळं तिच्याचकडं.

आणि पट 34 असताना मुलं निम्मी का? तिनं दार लोटून सांगितलं. सात जण व्हॅननं जातात. नाव इथं, मूल तिथं. "बाई, नाव कापलं तर वर उत्तर द्यायला लागतं, संख्या का घटली म्हणून. ठेवलं तर मी खोटी. आईबाप म्हणतात राहू द्या, पुढं कुठला दाखला लागला तर." व्हॅनमधल्या पोरांच्या आया पोषण आहाराच्या दिवशी डबा मात्र पाठवतात.

पण तिचं एक काम बघून मी गप्प झाले. वजनाचा दिवस होता. थंडी होती, तरी तिनं प्रत्येक मुलाचा स्वेटर उतरवला, चपला काढल्या, करदोट्याला बांधलेल्या किल्ल्यासुद्धा सोडल्या. काटा आधी शून्यावर आणला. उंची मोजताना टाचा भिंतीला टेकवून घेतल्या. गावातल्या एकाही बाळाची लस तिच्या हद्दीत चुकलेली नाही. गेल्या उन्हाळ्यात एका नऊ महिन्यांच्या मुलीच्या दंडाचा घेर पट्टीवर 11.5 सेंटिमीटरच्या आत भरला, म्हणजे तीव्र कुपोषण. आजी "आमच्यात सगळी बारीकच" म्हणत बसली होती. ही स्वतः त्यांना रिक्षात घालून आरोग्य केंद्रात घेऊन गेली.

शाळेच्या आवारातली

हिच्याबद्दल थोडक्यात. शाळेचीच एक जुनी खोली, आमच्या वेळी तिथं खडू आणि मोडके बाक असायचे. सेविका निवृत्तीला आलेली, मायाळू, आवाज बसलेला. शाळेची घंटा, कवायत, प्रार्थना, सगळा गोंगाट आत येतो. मुलं पहिलीच्या पोरांचं बघून पाटीवर अक्षरं काढतात आणि ती "लिहितात" म्हणून आईबाप खूश. पहिलीत जाताना ही मुलं रडत नाहीत. शाळा, बाई, संडास सगळं ओळखीचं असतं. हा फायदा मी स्वतः वर्गात पाहिलेला आहे आणि तो लहान नाही. बाकी दुपारपर्यंत मुलं बसून असतात. मोठ्या पोरांची सुट्टी झाली की आवारात धक्काबुक्की होते, मग यांना आतच ठेवतात.

कालव्यापलीकडची

ही मी शेवटी ठेवली होती. का ठेवली, ते सांगते.

गावाच्या पूर्वेला कालवा आहे, त्यावर अरुंद पूल, पुलापलीकडं वस्ती. गावठाणातल्या घरांत कुणी त्या वस्तीचं नाव घेत नाही, "कालव्यापलीकडं" म्हणतात आणि ज्याला समजायचं त्याला समजतं. जाऊबाईंनी मला चप्पल घालताना पाहिलं आणि विचारलं, "आज कुठं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिकडं बघून काय करायचंय? आपल्याला काय तिकडं घालायचाय का त्याला?" मी त्यांना रागावले. पण पहिल्या दिवशी तिथल्या सेविकेनं चहा पुढं केला तेव्हा मी नको म्हणाले. मधुमेहाचं कारण सांगितलं. मला मधुमेह नाही.

अंगणवाडी समाजमंदिरात भरते. वर पत्रा. उन्हाळ्यात तापतो, पावसात सेविकेचा आवाज ऐकू येत नाही. संडास शेजारच्या घरचा, तो उघडा असतो. पटावर 18. हजर 16, 15, 18, 13. शिवाय यादीत नसलेली चार-पाच. उसाची तोड चालू होती, बीडकडची टोळी शिवारात उतरलेली, कालव्याच्या कडेला त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडलेल्या. आईबाप पहाटे चारला फडात जातात. सेविका येता येता कोपीवरनं पोरं गोळा करून आणते. सहा वर्षांखालचं मूल कुठलंही असो, जिथं आलंय तिथल्या अंगणवाडीत त्याला बसवून घ्यायचं असतं. तिनं हे नियम म्हणून नाही, "उसाच्या गाडीखाली येण्यापरीस इथं बरी" म्हणून सांगितलं.

दुसऱ्या सकाळचं सांगते. मदतनीस मावशींनी घरून सुपात घेवडा आणला होता, आमच्या भागातला वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालंय तो. त्यात साधा पांढरा घेवडा मिसळलेला. सूप मधोमध ठेवलं आणि मावशी म्हणाल्या, "माझा सगळा घोटाळा झालाय, मला निवडून द्या."

पाच-सहा पोरं सुपाला भिडली. एक चार वर्षांची मुलगी एकेक दाणा डोळ्यापाशी धरायची.

"ह्यो वाघ्या. ह्यो न्हाई."

"वाघ्या कशावरनं?" सेविकेनं विचारलं.

"ह्याला पट्टं हायत."

"आणि त्याला?"

मुलीनं पांढरा दाणा फिरवून बघितला. "त्याचं कुणीतरी धुतल्यात."

मग मोजणी. कोपीवरचा एक मुलगा, त्याची बोली वेगळी, पहिले दोन दिवस तो बोलतच नव्हता म्हणे. त्यानं दाणे ओळीनं मांडले. एक, दोन, तीन, पाच. सेविकेनं दुरुस्त केलं नाही. नुसतं म्हणाली, "अगं बाई, चार कुठं गेला?" आणि तो मुलगा सूप उचलून खाली बघायला लागला. सगळी पोरं चार शोधायला लागली. कुणी चटईखाली, कुणी मावशींच्या पदरात. शेवटी त्या पट्टंवालीनं सुपातनं एक दाणा उचलून तीन आणि पाचच्या मध्ये ठेवला. "हितं बसल की."

मी रेघा मारायच्या विसरले. नंतर दुसऱ्या दिवशी मारल्या. सेविकेच्या 22, मुलांच्या 50 च्या वर, पुढं मोजता आल्या नाहीत.

या बाईला कपाटातलं साहित्य जवळजवळ नाही. जे आहे ते फाटेपर्यंत वापरलेलं. बाहुलीचा एक हात सुतळीनं बांधलाय आणि पोरं तिला रोज दवाखान्यात नेतात. मला ताराबाई मोडक आठवल्या. 1945 ला बोर्डीत त्यांनी काम सुरू केलं, पुढं अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पानं, बिया, शंख, दगड हेच साहित्य. सरकारची एकात्मिक बाल विकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला आली. अंगणवाडी हा शब्द मात्र त्याच्या आधीचा, या बायांच्या कामातला. डीएडला आम्ही हे पाठ केलं होतं, परीक्षेपुरतं.

आता या अंगणवाडीचा दोष. वजनाच्या दिवशी मी तिथं होते. सेविकेनं मुलांना स्वेटर-टोपीसकट काट्यावर उभं केलं. "बाई, गार पडलंय, आया भांडत्यात." एक मुलगा त्याच आठवड्यात तीन वर्षांचा झालेला. काट्यावर 11.4 किलो. तीन वर्षांच्या मुलासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात कमी वजनाची रेघ 11.3 वर आहे. 11.4 म्हणजे रेघेच्या वर, सर्वसाधारण. मी म्हटलं, स्वेटर काढून बघू. स्वेटर, टोपी, आत अजून एक बंडी. 11.0. तोच मुलगा, तीच मिनिटं, आणि फोनमधला रंग बदलला. गेले तीन महिने थंडीचे होते आणि तीनही महिने तो कागदावर ठीक होता. तिचा चेहरा पडला. "म्हंजे मी त्याला तीन महिनं..." तिनं वाक्य पुरं केलं नाही.

त्या दिवशी मी चहा घेतला.

मग चांगली कुठली?

वही घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की सूनबाईचा प्रश्नच अर्धा होता. अंगणवाडीचं काम सहा पदरी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पुढच्या दवाखान्यात पाठवणं, आयांना आरोग्य-आहाराचं शिक्षण, आणि तीन ते सहाच्या मुलांचं शाळापूर्व शिक्षण. आपण शाळेची माणसं शेवटचा एक पदर बघतो. पाळणाघरातल्या वयाचं बाळ किंवा दिवस गेलेली सून असती तर मी डोळे मिटून गावठाणातल्या बाईचं नाव घेतलं असतं. आमचा नातू तीनचा, लसी सगळ्या झालेल्या, वजन 14 च्या पुढं, घरी दूध-तूप. त्याला हवं ते बोलणारं माणूस आणि बरोबरीची पोरं. ती कालव्यापलीकडं होती.

खाऊचा फरक तिन्हीकडं फारसा नाही. बचत गटच शिजवतो, खिचडी, लापशी, उसळ. तीन ते सहाच्या मुलाला किती उष्मांक आणि प्रथिनं मिळावीत याचं मोजमाप ठरलेलं. त्यासाठी 2017 मध्ये ठरलेला दर माणशी दिवसाला 8 रुपये. 8 रुपयांत कोरेगावच्या स्टँडवर वडापावही येत नाही. तरी कालव्यापलीकडं खिचडीत मेथी, शेवगा दिसायचा, वस्तीवरच्या परसातला. मदतनीस मावशी म्हणायच्या, "पोरं आपलीच हायत, पाल्याला काय पैसं पडत्यात?" गावठाणात हात धुवायला नळ आहे आणि मुलं हात धुतात, हेही लिहायला हवं. वस्तीवर बादली आणि एकच तांब्या.

व्हॅनबद्दल मला वाईट बोलायचं नाही, पण खरं तेवढं सांगते. पुतण्या मूर्ख नाही. त्याला तालुक्याला कामाला जायचं असतं, बायको आल्याच्या शेतात, दीडपर्यंत पोर कुणाच्या तरी ताब्यात हवं. अंगणवाडीतनं पोरं एकपर्यंत घरी येतात आणि कधी बैठक, कधी प्रशिक्षण, म्हणून दार बंद असतं. 4 डिसेंबर 2023 पासून राज्यभर अंगणवाडी सेविकांचा संप झाला, 50 दिवसांहून जास्त चालला. गावठाणात कुणाला फार फरक पडला नाही. वस्तीवरच्या बायांनी तेव्हा फडावर पोरं पाठीशी बांधून नेली. पुतण्याला मी एवढंच विचारलं, की साडेआठची व्हॅन पकडायला हे लेकरू सातला उठणार, चाळीस मिनिटं डुलत जाणार, तिथं ज्या भाषेत कुणी घरी बोलत नाही त्या भाषेत गप्प बसणार, ते कशासाठी? तो म्हणाला, "काकू, मला शाळेत कुणी इंग्रजीत विचारलं की अजून घाम फुटतो. त्याला फुटू नये." यावर माझ्याकडं चटकन उत्तर नव्हतं. मी म्हटलं, आधी त्याला मराठीत घाम फुटायचा थांबू दे.

सूनबाईनं काय पाहिलं

माझं सगळं ऐकून ती म्हणाली, "मी सोता बघून येते." एक सकाळ ती लेकराला घेऊन वस्तीवर गेली. परत आली तेव्हा मला वाटलं घेवड्याबद्दल, बाहुलीच्या दवाखान्याबद्दल बोलेल. ती म्हणाली, "पुलाला कठडा न्हाई."

मी त्या पुलावरून आठ वेळा गेले-आले होते. पाणी सोडलं की कालवा काठोकाठ वाहतो. कठडा नाही हे माझ्या वहीत कुठंच नव्हतं. तीन वर्षांच्या पोराच्या आईच्या डोळ्यांनी मी पाहिलंच नव्हतं. मी हजेरी मोजली, वाक्यं मोजली, वजनातला स्वेटर मोजला, आणि वाट मोजायची राहिली. वस्तीवरनं मराठी शाळेत येणारी पोरं वर्षानुवर्षं तोच पूल ओलांडून माझ्या वर्गात यायची.

जाऊबाईंना मात्र पूल फार आवडला. "बघा, मी म्हणतच होते." त्या काय म्हणत होत्या ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण आता त्यांना कठड्याचा आधार मिळाला. घरात आठवडाभर पुलाविषयीच बोलणं चाललं. मला शेवटी कळेना की आम्ही पुलाबद्दल बोलतोय की पुलापलीकडच्या माणसांबद्दल.

ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला 10 टक्के हिस्सा महिला आणि बालकल्याणावर खर्चायचा असतो. आमच्याकडं तो दरवर्षी खुर्च्या, सतरंज्या आणि हळदी-कुंकवाच्या भांड्यांवर जातो. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी उठून म्हटलं, यंदा सतरंज्या नकोत, पुलाला लोखंडी पाइप लावा. एक सदस्य म्हणाला, तो पूल पाटबंधारे खात्याचा, आपल्याला हात लावता येत नाही. दुसरा म्हणाला, खात्याला पत्र लिहू. तेवढ्यात मागून वस्तीवरची एक बाई उठली. "पत्र माझ्या सासऱ्यानंबी लिव्हलं हुतं." सभेत हशा झाला, आणि मग सभा गप्पगप्प झाली.

पत्र गेलं. पाइप त्याआधीच बसले. गावातल्या वेल्डरनं, तो वस्तीवरचाच, फेब्रुवारीत एका रविवारी जुन्या ठिबकच्या लोखंडी सांगाड्याचे तुकडे जोडून दोन्ही बाजूंना कंबरेएवढा कठडा उभा केला. खर्च वर्गणीतनं. माझ्या पुतण्यानं 500 रुपये दिले आणि पावती मागितली नाही.

गावठाणातली सेविका आणि वस्तीवरची सेविका एकाच बीटमधल्या, म्हणजे एकाच पर्यवेक्षिकेच्या हाताखालच्या, महिन्याच्या बैठकीत शेजारी बसतात, पण एकमेकींच्या अंगणवाडीत कधी गेल्या नव्हत्या. कठड्यानंतरच्या महिन्यात वस्तीवर वजनाचा दिवस होता तेव्हा गावठाणातली मुद्दाम आली. शेकोटी करून घ्यायची, पोरं उबदार खोलीत उघडी करायची आणि आयांनाच काटा वाचायला लावायचा, ही तिची युक्ती. जाताना ती सुतळीनं हात बांधलेली बाहुली बराच वेळ बघत होती. परत गेल्यावर तिनं खोक्यातली बाहुली काढली का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. तिच्या फोनमधलं चक्र काही थांबणार नव्हतं आणि 34 जणांच्या पटाला मदतनीस एकच होती.

पुढं

मार्चपासून नातू कालव्यापलीकडं बसतो. सूनबाई शेतावर जाताना सोडते. जाऊबाईंनी पहिले दोन आठवडे डबा दिला, पोळी-तूप-साखर, आणि पोराला बजावलं, "आपल्या डब्यातलंच खायचं." सेविकेला मी आधीच सांगून ठेवलं होतं. ती काही बोलली नाही. तिनं त्याला डबा उघडू दिला. पोळीचे तुकडे पंगतीत फिरले आणि त्याच्या पुढ्यात खिचडी आली. तिसऱ्या आठवड्यात डबा न उघडता परत यायला लागला. जाऊबाईंनी डबा हातात तोलून बघितला. मग नातवाला विचारलं, "काय घालत्यात रं त्या खिचडीत?"

"पाला," तो म्हणाला. "आन् मावशी."

टोळी मार्चअखेर परत गेली. तीन-पाचवाला मुलगा गेला. त्याचं नाव कुठल्याच पटावर नव्हतं, त्यामुळं कुठलं कमीही झालं नाही. 11 किलोवाला एप्रिलमध्ये, बिनस्वेटरचा, 11.6 भरला.

नातवाचं नाव गावठाणातल्या पटावर आहे, ते वस्तीच्या अंगणवाडीत हलवायला मी दोनदा सांगून आले. गावठाणातली म्हणते, "बाई, आता लगेच नको, आधीच सात व्हॅनमधी, अजून एक गेला तर मला विचारतील." वस्तीवरची म्हणते, "राहू द्या, त्यांची अडचण हाय." त्यामुळं रोज सकाळी फोनमध्ये नातू मारुतीच्या देवळामागं गैरहजर असतो.